अर्धा मुलूख

बापाने टेबलावरचे कप, वर्तमानपत्रं आणि इस्त्रीचे कपडे उचलून पलंगावर ढकलले आणि आपला अर्धा मुलूख पसरला. कागद गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यांवर चष्म्याच्या डब्या ठेवल्या. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरात दुसऱ्या कशाची वानवा असेल, डब्यांची नसते.

मुलूख काढला होता गिफ्ट गुंडाळायच्या कागदावर. या कागदाची एक गंमत असते. पुढून फुगे, टोप्या, नाही नाही ते. मागून मात्र सरळ कापता यावं म्हणून फिकट चौकोन छापलेले, आणि एका चौकोनात एक शिशाचा सैनिक अगदी बेताने उभा राहतो. हा शोध मुलीचा, ती दुसरीत असतानाचा. बापाला त्याचं कोण कौतुक! तेव्हापासून रीतच पडली. नवी गुंडाळी आणली की अर्धी त्याची, अर्धी तिची. डोंगर, किल्ले, रान, ज्याने त्याने आपापल्या घरी काढायचं आणि दाखवायचं नाही. आधी ठरवायचं ते इतकंच, की नदी कागदाच्या कडेच्या कुठल्या चौकोनातून दुसऱ्या अर्ध्यात जाणार. मग रविवारी दोन्ही अर्धे चिकटपट्टीने जोडायचे, सैनिक मांडायचे, फासा टाकायचा. ज्याचा झेंडा पळवला तो हरला.

रविवार सोडून बाकी सगळे दिवस मुलगी आईकडे असे. बापाच्या वाट्याला हा एकच वार आला होता, आणि तो टिकून होता तो या कागदामुळे, अशी त्याची समजूत.

या खेपेला त्याने जीव ओतला होता. टेकड्यांना चहाचं पाणी लावून रंग आणला होता. रानातलं एक झाड दुसऱ्यासारखं नव्हतं. शिवाय नदीकाठी, तिचे घोडेस्वार रुतावेत अशी एक दलदल. ती बघून कार्टी कशी तणतणेल, या विचाराने तो सकाळपासून एकटाच हसत होता.

बेल वाजली.

"उघडंच आहे दार, सेनापती!"

मुलगी आत आली. उंचीने बापाच्या कानापर्यंत आली होती आता. हातात एक लांबट पुडकं होतं.

"हे घे. तुझ्या वाढदिवसाला यायला जमलंच नाही ना."

"अगं, कशाला उगीच..."

"उघड तर आधी!"

कागद फाटू नये म्हणून बापाने चिकटपट्टी नखाने हळूहळू सोडवली. कागद उलगडला आणि त्याचा हात थांबला. आतल्या बाजूला चौकोन होते. सगळे कोरे. कडेच्या एका चौकोनात त्याच्याच हातची पेन्सिलची खूण होती, नदी इथून आत येणार म्हणून. पुढे नदी नव्हती, डोंगर नव्हता, काहीच नव्हतं.

"हा तुझा अर्धा ना गं?"

"हो रे, घरात दुसरा कागदच नव्हता. आणि आता लागणार पण नाही. आत काय आहे बघ ना!"

आत रबरी चटई होती. तिच्यावर एक अख्खा मुलूख छापलेला, चौकोनांसकट. नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाहत होती.

"मी स्वतः निवडलीये. चहा सांडला तरी पुसता येतो. आणि आता तुला आठवडाभर डोळे फोडत बसायला नको. तुझ्या दुकानातल्या त्या काकांना बोलवत जा. ते खेळतील तुझ्याशी."

"काकांना कशाला?"

"रविवारी प्रॅक्टिस लागली ना माझी. व्हॉलीबॉलच्या टीममध्ये घेतलंय मला. आई बोलली नाही?"

आई बोलली नव्हती.

"अरे वा! शाब्बास!" बाप म्हणाला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. "दर रविवारी?"

"दर रविवारी. पण येईन ना मी मधूनमधून."

"ये की. घर तुझंच आहे." पाहुण्यांना म्हणतात ते आपण लेकीला म्हणालो, हे त्याला म्हणून झाल्यावर कळलं.

तिने डब्या बाजूला केल्या आणि त्याचा कागद उचलला. "काय भारी काढलंयस!" ती म्हणाली, अगदी मनापासून, आणि कागद नीट गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. दलदल तिला दिसलीच नाही.

"चल, एक डाव. आई खाली गाडीत बसलीये, पण तेवढा होईल."

चटईवर सैनिक मांडले. मुलगी भराभर खेळत होती. बघता बघता तिचे घोडेस्वार नदीवरचा छापील पूल ओलांडून आले. बापाचा झेंडा समोर उघडाच होता, आणि तिला फाशात सहा पडले.

मुलीने एकदा झेंड्याकडे पाहिलं, एकदा बापाच्या चेहऱ्याकडे. मग घोडेस्वार उचलून तिने भलत्याच कोपऱ्यात नेऊन ठेवले. तिच्या झेंड्याजवळ तिचं कुणीच नव्हतं, आणि बापाचा एक सैनिक तिथून एकाच घरावर होता.

"अरे देवा! मेलेच की मी!" म्हणून तिने कपाळावर हात मारला.

बापाने त्या घोडेस्वारांकडे पाहिलं. अशी चाल चुकून होत नाही. ती एवढीशी असताना त्याने कितीतरी डावांत असेच घोडे भलतीकडे नेले होते आणि असाच कपाळावर हात मारला होता. हिला काय कळतंय, असं तेव्हा वाटायचं.

त्याने तिचा झेंडा उचलला.

"जिंकलास की रे बाबा!" मुलगी उठली. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "बघ, किती छान खेळतोस तू!"

काहीतरी म्हणायला हवं होतं, नाहीतर ती तशीच थांबली असती. बापाने दोन्ही हात उंच केले, लहानपणी ती करायची तसे, आणि ओरडला, "जिंकलो!"

मुलगी हसली. दार ओढून घेऊन निघाली. तिची पावलं जिना उतरून पार खाली जाईपर्यंत बापाचे हात वरच होते.