पाच पडले की नाव

पाच पडले.

"आउट!" सुशीलाबाई ओरडल्या आणि लगेच जीभ चावली.

"कोण आउट?" पोस्टअण्णांनी साळसूदपणे विचारलं. "नाव सांग. नियम चौथा."

सत्त्याऐंशी सालच्या कॅलेंडरच्या पाठीवर आखलेलं क्रिकेटचं मैदान दोघांच्या मध्ये पसरलं होतं. चिंचोके म्हणजे गडी. लाकडी फासा टाकायचा, पडेल तितक्या धावा, पाच पडले की आउट. इथवर खेळ सरळ होता. पुढचे नियम अण्णांच्या डोक्यातून निघालेले. फासा उडून सुशीलाबाईंच्या तांदळाच्या सुपात पडला तर चेंडू सुप्याच्या धरणात गेला, षटकार. मांजर मैदानात बसलं तर चहापान. आणि चौथा नियम असा, की समोरच्यानं आउट झालेल्या गड्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नीट ऐकू आलं नाही तर परत घ्यायचं. घेतलंच नाही तर गडी नाबाद.

अण्णांच्या संघाचा कॅप्टन होता परशुराम. म्हणजे खुद्द अण्णाच.

आता चाळीस वर्षांच्या संसारात सुशीलाबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते एकदाच, लग्नात, उखाण्यात. तेही वाजंत्र्यांच्या दणदणाटात. अण्णांना काही ऐकू आलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं बजावलेलं. ते त्यांनी गाठ मारून ठेवलं होतं.

"रुक्मिणीचे बाबा आउट," त्या म्हणाल्या. रुक्मिणी म्हणजे खानापूरला दिलेली लेक.

"असला गडी माझ्या संघात न्हाई."

"आमचे हे आउट."

"हे? त्याला काय नावगाव हाय का न्हाई?"

सुशीलाबाईंचं डोकं फिरलं. "अवो, आमचे हे गेले म्हणते न्हवं! गेले, गेले!"

हे त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, की शेजारची पारू हातातला तांब्या टाकून रडतच आत आली. "अगो वैनी, कवा गं गेले?" अण्णा फासा हातात धरून तिच्याकडे बघत होते. पारूला चहा पाजून शांत करावं लागलं. खेळात 'गेले' हा शब्द काढायचा नाही, हा पाचवा नियम त्याच दिवशी झाला.

चौथा मात्र जागचा हलला नाही. त्यामुळे कॅप्टन कधी बादच होत नसे. रोज संध्याकाळी अण्णा रेडिओवरच्या माणसाचा आवाज काढून धावफलक वाचत. "परशुराम, नाबाद!" सुशीलाबाई म्हणत, "लबाड कुठले," आणि तांदूळ निवडायला घेत. हरण्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

मग अण्णांचं पोट दुखायला लागलं. बेळगावच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जोयड्याच्या रानातून तीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन एकटा हिंडलेला माणूस, पण ऑपरेशन म्हटल्यावर घासच घशाखाली उतरेना.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मैदान पसरलं. कॅप्टन चौऱ्याण्णववर होता. फासा टाकला. पाच.

"आज तरी घे," अण्णा म्हणाले. आज ते हसत नव्हते.

"जिंकायची एवढी हौस, आन आता आउट व्हायची घाई?"

"जिंकायला न्हाई गं केला त्यो नियम. तीस वर्षं दारोदार जाऊन लोकांची नावं पुकारली. माझं कोण घेतंय? सगळ्या रामनगरला मी पोस्टअण्णा. परशा म्हणणारी आई ऱ्हायली न्हाई. आपलं सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, दोस्त पांगले. म्हटलं, एकदा तुझ्या तोंडनं ऐकावं. उद्या काय व्हतंय कुणाला ठाऊक."

सुशीलाबाईंना भडभडून आलं. पण त्यांनी कॅप्टनचा चिंचोका मैदानातून उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"आउट ह्या शब्दाच्या शेजारी तुमचं नाव माझ्या तोंडात यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन उद्याचं तर नावच काढू नका."

बेळगावच्या दवाखान्यात खिडकीतल्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी नुसतं अण्णांकडे बोट दाखवलं. अण्णांनी स्वतःच सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण अण्णा शुद्धीवर येईनात. नर्सनं गालावर थापट्या मारल्या, पायाला चिमटा काढला. काही नाही.

"आजी, तुम्ही हाक मारा. ओळखीच्या आवाजाला जागे होतात."

"अवो," सुशीलाबाई म्हणाल्या. "अवो, ऐकलं का?"

"अवो म्हणून या वॉर्डातल्या सगळ्याच बायका हाका मारतात. नाव घ्या नाव."

नाव घ्यायचं, आणि तेही आज? सुशीलाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. आत चिंचोका हाताला लागला. त्या वाकल्या, अण्णांच्या कानाशी तोंड नेलं.

"परशुराम," त्या म्हणाल्या. आणि त्या नावाला काही बाधायच्या आत, घाईघाईनं, "नाबाद!"

अण्णांची बोटं हलली. मग ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते.

"नीट ऐकू न्हाई आलं," ते पुटपुटले. "नियम चौथा. परत घे."