रोजची वीस मिनिटं

प्रवासी जहाजाच्या लाँड्रीत मी इस्त्री करतो. सहा वर्षं आईला एकच सांगत आलोय, "समुद्रात रोमिंग लागतं गं. दोन मिनिटं बोललो तरी दिवसाची कमाई जाते. बंदराला लागलो की करतो फोन." खरं सांगायचं तर ती तेच तेच विचारायची आणि मला कंटाळा यायचा. बाबा कुरकुरले की तीच माझी बाजू घेऊन भांडायची, "अहो, पोरगं काय मुद्दाम करतंय का?"

परवा जहाज आमच्याच बंदराला लागलं आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत सोडलं. आई हौसेने भराभर पुढे आली, बाबा गुडघे सांभाळत जिन्यात मागे राहिले. माझ्या इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीवर एक सूचना चिकटवलेली होती. आईने ती बोट ठेवून पुटपुटत वाचली, "कर्मचाऱ्यांना घरी बोलण्यासाठी रोज वीस मिनिटं फोन मोफत."

वाफेने कागद पिवळा पडला होता. तिचं बोट खाली सरकत सरकत तारखेवर येऊन थांबलं. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. मी उगाचच एक घडी केलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी करायला लागलो.

"काय लिहिलंय गं तिथे?" बाबांनी दारातून विचारलं.

"अहो, यांना फोन फुकट झालाय. आत्ताच, या महिन्यापासून."

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, आणि तळहाताने तिने ती तारीख झाकून टाकली.