नेट तर चालू आहे

नोकरीच्या अर्जाची आज शेवटची तारीख होती आणि ताईच्या कॉम्प्युटरवर ती साइट काही केल्या उघडत नव्हती. मोबाइलवरून अर्ज भरण्याची सोयच नव्हती. दर वेळी हे असंच व्हायचं, आणि "नेटचं काही खरं नाही" म्हणून तिचा नवरा विषय मिटवायचा. आज मात्र तिनं सर्व्हर सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

बहीण कामाला लागली. ताईला एका जागी बसवत नव्हतं. खुर्चीमागे तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

"नेट तर चालू आहे," बहीण म्हणाली. "बातम्या उघडतात, बँक उघडते. फक्त नोकरीच्या साइट्स नाहीत." तिनं एक फाइल उघडली. "नाव टाकलं की कॉम्प्युटर पत्ता आधी इथे शोधतो. इथे नोकरीच्या साइट्सची नावं आहेत, आणि प्रत्येकीपुढे पत्ता याच कॉम्प्युटरचा. म्हणजे घरातून निघून घरातच परत."

"व्हायरस असेल?"

"नाही गं. कुणीतरी हातानं लिहिलंय. त्याला या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड लागतो."

येरझाऱ्या थांबल्या. आतल्या खोलीत ताईचा नवरा फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता.

"पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत आहे," ताई म्हणाली.

बहिणीनं त्या ओळी पुसल्या. साइट उघडली. ताईनं खुर्चीत बसून अर्ज भरून पाठवला, पण ती उठली नाही.

"आता पासवर्ड कसा बदलायचा ते सांग," ती म्हणाली. "टाइप मी करते."