एकच नळी

आंब्याखाली मांडलेल्या खुर्च्यांमधून तेरेरेचा पेला फिरत होता. गाईच्या शिंगाचा पेला, त्यात दाबून भरलेला येर्बाचा पाला, वरून ठेचलेल्या पुदिन्याचं बर्फगार पाणी आणि सगळ्यांना मिळून एकच धातूची नळी. सूनबाई ग्रिसेल्दा किटलीतून ओतायची. ज्याच्या हातात पेला, तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचा आणि परत तिच्याकडे द्यायचा.

पास्तोराआजींपाशी आला की पेला त्यांना ओलांडून पुढे जायचा. त्यांच्या मांडीवर वेगळा ग्लास होता. प्लास्टिकचा, झाकणाचा, तान्ह्या मुलांना देतात तसा.

त्यांनी त्याला तोंड लावलं नव्हतं.

"पाज ना त्यांना, निमिया," ग्रिसेल्दा म्हणाली. "तुला ठेवलंय कशाला?"

निमिया खुर्चीमागे उभी होती. आजारी माणसांची देखभाल करण्याचं शिक्षण घेऊन ती याच आठवड्यात राजधानी आसुन्सिओनहून इथं कामाला आली होती. आजींच्या पोटात पाणी भरलं की त्यांना कोणत्या कुशीवर वळवायचं, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"त्यांना ग्लास नकोय," ती म्हणाली. "पेला हवाय."

शेजारचे फ्लोरेन्सिओकाका आपल्या चपलांकडे बघू लागले. एवेलियोनं, आजींच्या मुलानं, आवाज खाली आणला. "आल्या दिवशीच सांगितलं होतं तुला. आईचं सगळं वेगळं."

"हा आजार असा लागत नाही, एवेलियोभाऊ."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

उत्तर ग्रिसेल्दानं दिलं. "नर्स व्हायला जमलं नाही, आणि निघाली घर चालवायला! राहू दे. उद्यापासून दुसरी बघू."

"बघा," निमिया म्हणाली. "आज संध्याकाळपर्यंत मी आहे."

"पोरी," पास्तोराआजी इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलल्या, "ती किटली इकडे आण."

ओतणाऱ्याच्या हातातून किटली कुणी घेत नसतं. निमियानं घेतली. पेलाही घेतला. प्लास्टिकचा ग्लास उचलून बाजूला केला आणि किटली नि पेला आजींच्या मांडीवर ठेवले.

"आई, अगं काय चाललंय हे?" एवेलियो म्हणाला.

"तेरेरे भिजवताना पहिला पेला संत तोमासच्या नावानं सोडता ना रे? तो मरून किती शतकं झाली! त्याला पेला, आणि मला बाळाची बाटली! त्याच्याहून जास्त मेले का मी?"

फ्लोरेन्सिओकाकांना हसू फुटलं. ग्रिसेल्दानं बघताच त्यांनी ते खोकल्यावर नेलं.

आजींनी किटली उचलली. मनगट काडीसारखं झालं होतं, ते लटपटलं. निमियानं कोपराखाली हात धरला.

"सोड. सांडलं तर सांडेल."

सांडलंच. झग्यावर, पायांवर, खाली मातीत. जे पेल्यात पडलं ते आजींनी नळीनं ओढलं, बूड वाजेपर्यंत. मग पुन्हा भरून पेला निमियापुढे धरला. निमियानं नळी पुसली नाही. ती सावकाश प्यायली आणि पेला परत दिला.

ग्रिसेल्दा खुर्ची मागे सारून उठली आणि घरात गेली.

आजींनी तिसऱ्यांदा भरलं. या वेळी पेला एवेलियोच्या दिशेनं पुढे आला. ओतणारीच्या हातचा पेला नाकारणं म्हणजे तिलाच नाकारणं. हे एवेलियोला लहानपणी आजींनीच शिकवलं होतं. त्याचे हात गुडघ्यांवरच राहिले. काठावरून पाणी ठिबकत होतं. आजींचा हात हळूहळू खाली झुकत होता.

निमियानं या वेळी हात पुढे केला नाही.

"दुखतोय रे हात," पास्तोराआजी म्हणाल्या. "पण खाली ठेवणार नाही मी."