उजव्या गुडघ्यावरची पट्टी

कबड्डीच्या सामन्याला दहा मिनिटं उरली असताना पोपट खिलारेनं उजव्या गुडघ्यावर पट्टी घट्ट आवळली. दुखत होता डावा. समोरचे पट्टी बघूनच पाय धरायला येतात, म्हणून ती नेहमी धडधाकट पायाला बांधायची, हे त्याला जुन्या वस्तादांनी शिकवलं होतं. गेले तीन सामने ही युक्ती चालली होती. डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, हे फक्त गावाकडच्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

"कुणाजवळ बोलू नका हं," असं त्यानं बजावलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "छे रे, तू काय परका आहेस?"

एवढ्यात आईचा फोन आला. "अरं पोपट, डॉक्टरांनी तुझ्यासंगं फोटो टाकलाय बघ स्टेटसला! समद्या ग्रुपांवर फिरतोय. किती कौतुक केलंय!"

त्यानं फोटो उघडला. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. खाली लिहिलं होतं, 'डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, तरी मैदान सोडत नाही. आमचा वाघ!'

शिट्टी झाली.

पहिल्याच चढाईला तो 'कबड्डी, कबड्डी' घुमवत मध्यरेषा ओलांडून आत शिरला. कोपऱ्यातला गडी वाकून उभा होता. पट्टीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर सरळ डाव्या गुडघ्यावर होती.

मध्यरेषा चार पावलं मागं राहिली होती. आणि तोंडानं कबड्डी चालू असताना 'तो पाय नको रे' म्हणायचीही सोय नसते.