वरचे तीन

"त्या दुसऱ्या दवाखान्यात त्यांना एकच दिसला," खाटेवर आडवी होत शिवणवाली म्हणाली. "मी म्हटलं, तुमचं मशीन तरी अधू असेल, नाहीतर नजर तरी. मागल्या वर्षी आमच्या ताईंनी पाच मोजलेत, पाच."

सोनोग्राफीवाल्या ताईंनी हातातली जेलची बाटली उगाचच दोनदा दाबली.

या ताईंची नजर म्हणजे घारीची. भिंतीवरून मुंगी चालली तर ती कुठल्या पायानं लंगडते ते सांगतील, असं दवाखान्यातली आया शपथेवर सांगायची. नजर खरीच तशी. खोट होती ती जिभेत. कुणाचं तोंड उतरलेलं त्यांना बघवत नसे. वजन सांगताना दोन किलो काढून घ्यायच्या, आणि जिथे घालायचं तिथे सढळ हातानं घालायच्या. मापात पाप नको म्हणतात. ताईंच्या मापात पुण्यच जास्त.

मागल्या वर्षी या शिवणवालीच्या बीजकोशांत दोनच काळे गोल दिसले होते. एकेक गोल म्हणजे एकेका बीजाची कोठी. कोठ्या थोड्या, तर मूल होण्याचे दिवसही थोडे. कागदावर ताईंनी दोनच लिहिलं. तोंडानं पाच म्हणाल्या. बाई रडायच्या बेतात होती, आणि खरं काय ते डॉक्टर सांगणारच होते.

"तेव्हा डॉक्टर काय म्हणाले गं?" ताईंनी पडद्याकडे बघतच विचारलं.

"गेलेच नाही. पाच आहेत म्हटल्यावर घाई कशाची? नणंदेचं लग्न उरकलं, सासऱ्यांचा मोतीबिंदू उरकला. अडतिसावं लागलं, तेव्हा म्हटलं आता आपलं बघू." तिनं हनुवटीनं खुर्चीकडे दाखवलं. पिशवीतून एक पाकीट डोकावत होतं. "तुमचा रिपोर्ट जपून ठेवलाय बघा. फोडलासुद्धा नाही. तुम्ही तोंडानं सांगितलंत, मग कागद कशाला वाचायचा?"

पाकिटाची चिकटवलेली कड अजून कोरी करकरीत होती.

ताईंनी उजवी बाजू पाहिली. काही नाही. डावीकडे एक. पुन्हा उजवीकडे गेल्या, हळूहळू, कोपरा न् कोपरा धुंडाळत. आपली नजर अधू असती तर बरं झालं असतं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"गप्प का? पाचाचे चार झाले असतील तरी चालतील हो. मी काही भांडायला येणार नाही."

चार जिभेच्या टोकावर येऊनच बसला होता. ताईंनी तो गिळला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

"तूच मोज."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काळ्या कापडावर काळा टाका दिसतो ना तुला? मग हेही दिसेल. काळा, गोल, मसुराएवढा."

शिवणवाली कोपरावर उठली. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं बोट तिनं काचेवर टेकवलं.

"हा एक."

"हो."

बोट पुढे सरकलं. करड्या धुक्यातून आधी आडवं, मग उभं.

"पाकिटात दोन लिहिलंय," ताई म्हणाल्या. "वरचे तीन माझ्या पदरचे होते."

शिवणवालीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. उसवलेली शिवण चाचपावी तसं तिचं बोट काचेच्या कडेकडेनं फिरत राहिलं, आणि ताईंनी दुसरा हात मशीन बंद करायच्या बटणावर ठेवला, पण त्यांना ते दाबवेना.