हाळीतलं शेवटचं नाव

तूवाने पुन्हा हाळी घातली. सूर टोकदार होत वर चढला आणि तळ्यापलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला. मुलांनी कान झाकले. गाईंनी शेपूटसुद्धा हलवलं नाही.

"बहिऱ्या आहेत," चौथीतला एक मुलगा म्हणाला.

"लाडावल्यात," तूवा म्हणाली. "तुझ्यासारख्याच."

या उघड्यावरच्या संग्रहालयात इतिहास गाऊनच शिकवायचा असतो. जुन्या लाकडी गोठ्यासमोर उभं राहून तूवाने सगळं सांगितलं होतं. तिच्याच वयाच्या मुली उन्हाळाभर गुरं घेऊन या रानात राहायच्या, दिवस उतरला की अशी हाळी घालायच्या, आणि गुरं ऐकून घरी यायची. आता राहिलेलं काम गाईंचं होतं. आणि गाई कुंपणाला नाक लावून, बाहेर उभ्या असलेल्या एका म्हातारीकडे बघत बसल्या होत्या.

म्हातारी म्हणजे गुन्वोर. या वसंत ऋतूपर्यंत या गाई तिच्याच होत्या. मग गुडघे गेले, तिने गुरं संग्रहालयाला दिली आणि शहरात फ्लॅट घेतला. तरी दर आठवड्याला ती बसने यायची आणि कुंपणापाशी उभी राहायची.

तूवा तिच्याजवळ गेली. "गुन्वोर, सोमवारी गुरांचा व्यापारी येतोय. हाळीला न येणाऱ्या गाई फुकट पोसायच्या नाहीत, असं संग्रहालयाचे साहेब म्हणतात."

"तू दुसऱ्याच गावची हाळी घालतेस. त्या कशाला येतील?"

"जुन्या रेकॉर्डवरून घसा फुटेस्तोवर बसवलीये मी ती. तुझी दे ना मग. किती दिवस मागतेय."

"माझी हाळी लोकांना दाखवायला नाही."

"मग खाटकाला ऐकव."

गुन्वोर तूवाच्या कानाशी वाकली आणि गाईंना कळू नये इतक्या बारीक आवाजात तिने हाळी म्हटली. आधी सूर खाली, मग एकदम उडी, आणि शेवटी गाईंची नावं. माजरोस. क्रूना. लिल्या. त्यानंतर आणखी एक सूर, सगळ्यात उंच, नुसताच.

"तिथे कोण?"

"तिथे आई माझं नाव घ्यायची. मी गुरांमागे कुठेतरी भटकत असायचे. तू ते गाळ."

तिने फाटक उघडलं आणि ती चढणीला लागली. गाई लगेच तिच्यामागे निघाल्या.

"यांना झाडीत नेते. मी दिसेनाशी झाले की घाल. वरच्या वाटेने मी तशीच बस पकडेन."

"आणि पुढच्या आठवड्यात?"

"दोघींनी बोलावलं तर बिचाऱ्या कुणाकडे जातील?" मागे न वळता गुन्वोर म्हणाली.

स्प्रूसच्या झाडीत आधी ती दिसेनाशी झाली, मग गाई. मुलं कंटाळून गवत उपटत होती. तूवाने छाती भरून श्वास घेतला.

सूर खाली गेला. उडी मारली. माजरोस. क्रूना. लिल्या. इथे थांबायचं होतं.

ती थांबली नाही.

काही वेळ नुसता डोंगर बोलत राहिला. मग झाडीत गळ्यातली एक घंटा वाजली, मग दुसरी. माजरोस बाहेर आली, तिच्यामागून बाकीच्या, आणि त्या चढण उतरून थेट तूवाकडे धावत आल्या. मुलं आता एकमेकांना चिकटून उभी होती.

"अजून एक येतंय," तो मुलगा म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. बसच्या वाटेचा फाटा मागे टाकून गुन्वोर उतरणीवरून येत होती. एक हात गुडघ्यावर, टोपी दुसऱ्या हातात, घरी जायला उशीर झालेल्या पोरीसारखी घाईघाईने.